फॉर्मवर भावाचं नाव

आमच्या गल्लीत मला कंपनीवाली म्हणतात. कुणाच्या पोराची बारावी झाली, की त्याचा बाप मला दारातच गाठतो. "ताई, तुम्ही इतकी वर्षं काढली त्या कंपनीत. फायदे-तोटे काय ते जरा सांगा की. पोराला घालावं का त्या लाइनला?" पूर्वी मी पर्स खांद्याला तशीच अडकवून अर्धा अर्धा तास सांगत उभी राहायचे. आता कुणी विचारलं की डोकं फिरतं. परवा एकाला मी "घाला नाहीतर घालू नका, मला काय करायचंय" असं म्हणाले, तर तो बिचारा चप्पल पायात सरकवत मागं फिरला. त्याचा काय दोष! म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

फायदे खोटे नाहीत, ते आधी. मी हदगावकडच्या खेड्यातली. घरची जमीन चुलते करायचे, कापूस आणि सोयाबीन, आणि माझे वडील बसमध्ये कंडक्टर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अकरावी-बारावी मी लातूरला काढली, एका खोलीत सहा पोरी आणि एक संडास. पुढं इंजिनियरिंग झालं आणि हैदराबादला या कंपनीत लागले. तिथं कुणी विचारलं नाही, तू कोणाची, कुठली, अजून लग्न का नाही. काम बघितलं आणि कामाचे पैसे दिले. माझ्या वरची बाई चेन्नईकडची होती. मीटिंगमध्ये मी गप्प बसले की ती सगळ्यांदेखत म्हणायची, हिला काहीतरी सांगायचंय, थांबा. असं आमच्या घरात कुणी कधी माझ्यासाठी थांबलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे विमा. माझा तर होताच, पण माय आणि अण्णा दोघांचाही. कार्डावर त्यांची नावं बघून अण्णा म्हणाले होते, "आता मरायला हरकत न्हाई." असं काहीतरी बोलून हसायची त्यांची सवयच होती.

मोठी साथ आली आणि कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं. मी लॅपटॉप घेऊन नांदेडला माय-अण्णांकडं आले. साथ गेली, तरी कंपनी म्हणाली, राहा की, काम होतंय ना. मी राहिले. त्याच काळात एका सकाळी दाढी करताना अण्णांच्या हातातून ब्रश पडला. वाकून उचलायला गेले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

हॉस्पिटलच्या खिडकीवर मी कंपनीचं कार्ड सरकवलं, तर आतला माणूस एकदम "मॅडम, बसा" म्हणाला. माझ्या मागं एक बाई मघापासून उभी होती, तिला कुणी बसा म्हणालं नाही. त्या दिवशी मला कंपनीचा अभिमान वाटला, आणि त्या बाईकडं बघून लाजही वाटली. अण्णा वाचले ते त्या कार्डामुळं. हे मी कधी नाकारणार नाही, कितीही राग आला तरी.

माझा मोठा भाऊ लातूरला असतो. बियाण्यांच्या दुकानांचं काम बघतो, घर आहे, गाडी आहे. तो दुसऱ्या दिवशी आला, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलला, संध्याकाळी गेला. मग महिन्यातून एकदा येऊ लागला, सफरचंदं घेऊन. अण्णांना गिळता येत नव्हतं तेव्हाही सफरचंदंच. मी ती किसून मायला खायला द्यायचे.

अण्णांना घरी आणल्यावर वाचा शिकवणाऱ्या मॅडम आल्या. चुणचुणीत पोरगी होती. तिनं मला समोर बसवून सांगितलं, "रोज एक तास. एकाच माणसानं. समोरासमोर, तोंड दिसलं पाहिजे. जे येणार ते आत्ताच येईल, पुढं अवघड होत जातं. त्यांना तोंडपाठ असलेलं काहीतरी घ्या." मी वार घेतले, सोमवार, मंगळवार. अण्णा नुसतं बघायचे. पाढे घेतले, मान फिरवली. आठवडाभर डोकं आपटल्यावर मला सुचलं, या माणसानं आयुष्यभर काय म्हटलंय? थांबे म्हटलेत. नांदेड-हदगाव रस्त्यावर निम्मं आयुष्य गेलं त्यांचं. मी त्यांच्या समोर बसून मोठ्यानं म्हणाले, "अर्धापूर." त्यांचा डावा ओठ हलला.

तेव्हापासून रोज सकाळी सात ते आठ आमची गाडी सुटायची. अर्धापूर, वारंगा फाटा, बामणी फाटा, हदगाव. मी म्हणायचे, ते ओठ हलवायचे. चौथ्या महिन्यात "फाटा" आला. स्पष्ट! माय भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि रडायलाच लागली. पुढं "उतरा" आलं, "चला" आलं, "पाणी" आलं, मायचं नाव आलं. दोन शब्द जोडून अजून येत नव्हते. मॅडम म्हणाल्या, आता वाक्य येईल, सोडू नका. मी नऊ वाजता लॅपटॉप उघडायचे तेव्हा माझ्यासारखी सुखी बाई आख्ख्या कंपनीत नसेल.

आणि मग ती मेल आली. सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायचं. सोबत बसल्यानं नव्या कल्पना सुचतात म्हणे, आपण एक कुटुंब आहोत म्हणे. आता आम्ही विकतो काय, ते ऐका. आम्ही विकतो ते सॉफ्टवेअर, ज्यावर लांब लांब बसलेली माणसं एकमेकांची तोंडं बघत काम करतात. आमच्या जाहिरातीत एक बाई डोंगरात बसून कॉफी पीत मीटिंग करते. जगाला सांगायचं, कुठूनही काम करा, आणि आपल्या माणसांना सांगायचं, गुमान येऊन खुर्चीत बसा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी काय नवी नव्हते. पण तोपर्यंत मला वाटायचं, मोठी कंपनी आहे, विचार करून वागत असेल.

मेलच्या खाली एक ओळ होती. घरात आजारी माणूस असेल आणि त्याची देखभाल तुमच्यावरच असेल, तर सवलतीसाठी फॉर्म भरा.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. लाज वाटते, पण लिहिते.

आमच्यात पोरगी आई-बापाला सांभाळते असं म्हणत नाहीत. सांभाळते, पण म्हणत नाहीत. हॉस्पिटलच्या कागदावर सह्या माझ्या होत्या आणि नातेवाइकाच्या रकान्यात नाव भावाचं होतं. मायनं तसंच सांगितलं होतं. भावकीतलं कुणी भेटायला आलं की माय म्हणायची, "पोरगा लई करतो हो." पाहुणे मला म्हणायचे, "भाऊ नशिबानं मिळाला तुला." मी अण्णांचं डायपर बदलून नुकतेच हात धुतलेले असायचे, आणि मी म्हणायचे, "हाव, खरंय." मला त्याचं काही वाटायचंही नाही. मिरच्या निवडल्यावर हात चुरचुरतात, त्याचं कुठं आपण बोलतो?

फॉर्म भरायला मी दुपारी बसले. माय शेजारी अंबाडी निवडत होती. मी एकेक प्रश्न तिला मराठीत सांगत होते, तेवढाच विरंगुळा. एक प्रश्न आला, देखभाल करू शकेल असा दुसरा कुणी प्रौढ माणूस कुटुंबात आहे का? असल्यास नातं लिहा.

माय म्हणाली, "भावाचं टाक की."

"माय, भाऊ कुठं करतो देखभाल?"

"आगं पण हाय ना तो? न्हाई टाकलं तर काय म्हणतील तुझ्या कंपनीतले? पोरगा असून पोरीच्या जिवावर बसलेत म्हणतील. यांची काय इज्जत राहील?"

अण्णा पलंगावरून आमच्याकडं बघत होते. मी "आहे" वर खूण केली आणि "मोठा भाऊ" असं लिहिलं. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम आहे. एका चुकीच्या खुणेनं पुढं काय काय बिघडतं, हे दुसऱ्यांना सांगायचा मी पगार घेते. पण त्या वेळी मी कंपनीचा फॉर्म भरतच नव्हते. मी पाहुण्यांपुढं बसले होते.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे कुटुंबात देखभालीसाठी दुसरी व्यक्ती असल्यानं सवलत देता येत नाही. वडिलांच्या तब्येतीसाठी शुभेच्छा.

मी मॅनेजरला फोन लावला. माणूस वाईट नाही. बेंगळुरूला बसतो, म्हणजे मी हैदराबादला गेले तरी त्याचं तोंड मला पडद्यावरच दिसणार. तो "आय हिअर यू" म्हणाला, "माझ्या हातात असतं तर" म्हणाला. यांच्या हातात कधीच काही नसतं. मेल पाठवणाऱ्याच्या हातात नसतं, त्याच्या वरच्याच्याही नसतं. मग हे ठरवतं कोण? एवढी मोठी इमारत, आणि ठरवणारा माणूस एका मजल्यावर सापडत नाही.

फॉर्म दुरुस्त करायचा म्हटलं तर माणूसच नव्हता बोलायला. मदतीच्या खिडकीत मशीन उत्तरं देत होतं, तेही आमच्याच कंपनीनं बनवलेलं. मी लिहिलं, भाऊ लातूरला राहतो, तो काही करत नाही, माझ्याकडून चुकलं. मशीननं लिहिलं, तुमची अडचण समजली. ज्या व्यक्तीचं नाव दिलं आहे, तिनं आपण देखभाल करू शकत नाही असं सही करून द्यावं, म्हणजे विनंतीचा पुन्हा विचार होईल.

एवढंच ना? एक सही. मी दुसऱ्या दिवशी लातूरची बस धरली.

भाऊ घरीच होता. वहिनीनं चुरमुऱ्यांची सुशीला केली, प्लेट हातात दिली. मी खाण्याआधीच कागद काढला. इंग्रजीत चार ओळी होत्या, मीच टाइप केलेल्या. मी नोकरीमुळं लातूरला राहतो, वडिलांची रोजची देखभाल मी करत नाही, ती माझी बहीण करते. भावानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे असं लिहून देऊ मी?"

"खरं हाय ना?"

"खरं-खोट्याचा प्रश्न न्हाई. उद्या हा कागद कुणाच्या हातात पडला तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई मला."

"भाऊ, भावकी काय माझ्या कंपनीत कामाला हाय का? कोण बघणार हाय हा कागद?"

"कागद तो कागदच असतो. मी काय कमी केलंय का त्यांच्यासाठी? दर महिन्याला येतो मी. पेट्रोल जाळून येतो."

मी म्हणाले, "मग तू ये तिथं राहायला. रोज सकाळी सात ते आठ बस त्यांच्या समोर. मी जाते हैदराबादला खुशाल."

त्यानं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "बाई लावू एखादी. हल्ली मिळतात."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, माझी सही चालती का? मी देते लिहून." भावानं तिच्याकडं असं बघितलं की ती आत गेली. त्या घरात लाज एका माणसाला होती आणि तिची सही चालत नव्हती. मी उठले. सुशीला तशीच राहिली. बसस्टँडवर बाकड्यावर बसून मी इतकी चिडले होते की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं गं लेकी?" मी म्हणाले, "काही न्हाई, माझा भाऊ लई चांगला हाय."

नोकरी सोडावी असं मनात आलं नाही असं नाही. रोज येत होतं. पण नोकरी सोडली की त्या दिवशी विमा संपतो. अण्णांना दुसरा झटका कधीही येऊ शकतो असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी बाहेर विम्यासाठी दोन-तीन ठिकाणी विचारलं, आजाराचं नाव ऐकलं की सगळे हात वर करायचे. म्हणजे बघा, अण्णांना जिवंत ठेवायचं तर कंपनी पाहिजे, आणि अण्णांना बोलतं करायचं तर कंपनी नको. गल्लीतल्या बापांनो, फायदे-तोटे विचारता ना? हे आहेत. दोन्ही एकाच कार्डावर छापलेले.

मायला मी विचारलं, काय करू? ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा तू. जीव राहिला तर बोलणं होईल." मला तिचाही राग आला. अजून आहे. तिनं एकदा जरी भावाला फोन करून "सही कर" म्हटलं असतं तर! पण ते तिच्या तोंडून निघालं नाही.

मी गेले. देगलूरवरून बस पुढं गेली, पाट्या तेलुगूत झाल्या. ऑफिसात माझी जुनी जागा नव्हती, रोज मिळेल त्या टेबलावर बसायचं. दारावर कार्ड टेकवलं की माझी हजेरी लागायची. माझ्या टीममधला एकही माणूस हैदराबादला नव्हता. दोघं बेंगळुरूला, एक पोलंडला, तिघं अमेरिकेत. मी कानाला हेडफोन लावून त्यांच्याशी बोलायचे, माझ्या शेजारचा त्याच्या लोकांशी बोलायचा, पलीकडचा त्याच्या. मोठा हॉल भरून माणसं, आणि सगळी भिंतीकडं तोंड करून लांबच्या कुणाशी तरी बोलतायत. याला म्हणे एकत्र येणं. दुपारी फुकटचं जेवण मिळायचं. मला ते गिळवत नव्हतं, पण मी जेवायचे, खोटं कशाला बोलू.

सकाळी सातला मी खोलीवरून व्हिडिओ लावायचे. माय फोन धरायची, तो हलायचा, मला कधी पंखा दिसायचा, कधी अण्णांचं कपाळ. "अर्धापूर," मी म्हणायचे. अण्णा फोनकडं बघायचेच नाहीत. ते फोनच्या मागं बघायचे, दाराकडं. भावानं लावलेली बाई दहा दिवस आली आणि बंद झाली. पहिल्या महिन्यात "उतरा" गेलं. मग "चला" गेलं. मग "फाटा" गेला. मॅडमना मी फोन केला, तर त्या म्हणाल्या, "फोनवर तोंड सपाट दिसतं हो त्यांना. समोर पाहिजे कुणीतरी." मी त्यांच्यावरही ओरडले. नंतर माफी मागितली.

दर पंधरा दिवसांनी मी शनिवारी पहाटेची बस धरून दुपारी घरी पोचायचे आणि रविवारी दुपारी निघायचे. बॅग खाली ठेवायच्या आत माय विचारायची, "कवा जातीस?" तिला स्वयंपाकाचा अंदाज घ्यायचा असायचा, सोबत काय बांधून द्यायचं ते ठरवायचं असायचं. शेजारीण डोकावून तेच विचारायची. पाणी भरायला येणारी बाईसुद्धा तेच विचारायची. मी सांगायचे, आणि हात धुऊन अण्णांच्या समोर बसायचे. तेवढ्या एका दिवसात काय होणार होतं? काही होत नव्हतं.

अडीच महिने झाले असतील. असाच शनिवार. मी आले, तर माय मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. अण्णा खुर्चीत बसले होते. मी बॅग ठेवली, स्टूल ओढलं, त्यांच्या समोर बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. नेहमीसारखं पलीकडं नाही, माझ्याकडंच. ओठ हलले. मी काही म्हणाले नव्हते अजून. त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, जोर लावला, मानेची शीर फुगली, आणि म्हणाले, "कवा जातीस?"

दोन शब्द, जोडून आणि स्पष्ट. आजारपणानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य.

माय ओल्या हातानं पळत आली. "बोलले! आगं, पुरं बोलले की!" तिनं तिथल्या तिथं भावाला फोन लावला, स्पीकरवर. भाऊ हसत म्हणाला, "मी म्हणत होतो ना, कुणावाचून काही अडत न्हाई. टाकतो ग्रुपवर." पाच मिनिटांत भावकीच्या ग्रुपवर जोडलेले हात, अंगठे, फुलं सुरू झाली. कुणीतरी लिहिलं, पोरगा असावा तर असा.

अण्णांचा हात माझ्या गुडघ्यावरच होता. ते उत्तराची वाट बघत होते.

माय म्हणाली, "आगं सांग की, विचारून राहिले ते."

"उद्या," मी म्हणाले. "दुपारच्या गाडीनं."

अण्णांनी मान हलवली आणि हात काढून घेतला.